धुराड्याभोवतीचं घर

सफोकमध्ये दगड नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या या परगण्यात नांगर कितीही खोल घातला तरी वर येते ती चिकणमाती, आणि तिच्यात अडकलेल्या चकमकीच्या गारा. डोंगर नाही, खाण नाही. लोकरीवर गबर झालेल्या गावांनी चर्चसाठी दुसऱ्या परगण्यांतून पाण्याच्या वाटेने दगड आणवला, पण शेतकऱ्याला ते परवडण्यातलं नव्हतं. त्याच्याजवळ ओकची झाडं होती आणि पायाखाली माती होती. ज्या घराबद्दल लिहायला बसलेय ते या दोन गोष्टींचं झालेलं आहे. घरात आजही माणसं राहतात, सकाळी चहा उकळतो, मुलांचे चिखलाचे बूट दाराशी पडलेले असतात. म्हणून गावाचं नाव सांगत नाही. सफोकमध्ये त्याची भावंडं पुष्कळ आहेत. एक नीट ओळखीचं झालं की बाकीच्यांशीही बोलता येतं.

रस्त्यावरून पाहिलं तर घर मोठं शिस्तीचं वाटतं. फिकट, सायीच्या रंगाच्या विटांची दर्शनी भिंत, खाली चार खिडक्या, वर पाच, मध्ये पांढरं दार. अठराशे सालच्या आसपासचा कुणी सभ्य गृहस्थ उभा असावा असा एकूण थाट. आणि मग डोळा वर जातो. छपराच्या आढ्यातून एक प्रचंड लाल धुराडं उठलेलं आहे. चार नळ्या एकमेकींना चिकटलेल्या, प्रत्येक नळी तिरकी वळवून बसवलेली, त्यामुळे उन्हात तिच्या कडा चाकूने तासल्यासारख्या दिसतात. हे धुराडं त्या सभ्य भिंतीच्या पिढीतलं नाही. दोघांच्या वयात दीडशे वर्षांचं तरी अंतर आहे, आणि धुराडं थोरलं आहे.

घराचं खरं वय धुराड्यालाच विचारावं लागतं. त्याच्या विटा बारक्या, जेमतेम दोन इंच जाडीच्या, एकही दुसरीसारखी नाही. कुठे जांभूळ रंग, कुठे भाजक्या गुळाचा, कुठे टोकाला निळसर काचेसारखी चकाकी. लाकडाच्या आगीत पोटॅश असतं; ज्या विटेचं तोंड आगीच्या थेट समोर येई त्याच्यावर ती झिलई चढे. लंडनच्या कौलं बसवणाऱ्या आणि गवंडी मंडळींच्या संघाला 1571 साली मिळालेल्या सनदेत विटेचं माप नऊ इंच लांब, सव्वाचार रुंद, सव्वादोन जाड असं ठरवून दिलेलं होतं. पण सनद लंडनची. इथे शेताच्या कोपऱ्यात साचा घेऊन बसलेल्या माणसाने आपल्या हाताला झेपेल ती वीट पाडली. गवंड्याने ती हातात तोलली, कमीजास्त चुना घालून थर पाण्याच्या पातळीत आणला आणि पुढे गेला.

धुराडं आधी, घर नंतर, असंच म्हणायला हवं. त्यापूर्वीच्या शेतकऱ्याच्या घरात मधोमध उघडी आग असे. धूर वासे काळे करत करत छपरातून वाट काढी. एका धुराने सगळं घर व्यापलेलं, म्हणून वर मजला घालायची सोय नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बदलू लागलं. शेजारच्या एसेक्समधल्या रॅडविंटर गावचे धर्मगुरू विल्यम हॅरिसन यांनी 1577 साली इंग्लंडचं वर्णन छापलं, त्यात गावातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं टिपून ठेवलंय. आपल्या हयातीत तीन गोष्टी ओळखू येईनाशा बदलल्या असं त्या म्हाताऱ्यांचं म्हणणं होतं: धुराड्यांची गर्दी झाली, अंथरुणं सुधारली, आणि लाकडी भांड्यांच्या जागी कथलाची भांडी आली. तिन्हींत धुराडं पहिलं. मला ही नोंद फार मोलाची वाटते. राजेरजवाड्यांच्या लढायांमधून जे कळत नाही ते एका खेड्यातल्या म्हाताऱ्यांनी बोट दाखवून सांगितलंय.

धूर विटांच्या नळीत कोंडला आणि घर एकदम मोकळं झालं. वर तुळया टाकून मजला घालता आला, मजल्यावर निजायच्या खोल्या आल्या, धान्य ठेवायला माळा आला. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने 1953 साली या सगळ्या उलाढालीला खेड्यापाड्यांची मोठी पुनर्बांधणी म्हटलं आणि तिचा काळ 1570 ते 1640 असा धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तारखा पुढेमागे सरकवल्या, परगण्यापरगण्यातले फरक दाखवले. त्यांचं बरोबरच आहे. पण कारण हॉस्किन्सने सांगितलं तेच पटतं: धान्याचे भाव चढत होते आणि बऱ्याच शेतकऱ्यांचा खंड जुन्याच दराने ठरलेला होता. मधला पैसा शिल्लक राहिला, तो विटांत गेला. या घराच्या धुराड्याच्या पोटात गव्हाचा चढता भाव आहे.

आत शिरताना हे अगदी जवळून कळतं. दार उघडलं की समोर भिंत. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी मोरीएवढी जागा, आणि नाकासमोर विटाच विटा. नवखा माणूस क्षणभर गांगरतो. ती भिंत म्हणजे धुराड्याची कूस. डावीकडचं दार घराच्या मोठ्या खोलीत जातं, उजवीकडचं बैठकीत, आणि धुराड्याच्या मागच्या अंगाला चिकटून एक नागमोडी जिना वर चढतो. एकाच धुराड्याच्या दोन बाजूंना दोन चुलाणं, वर आणखी दोन. विटांचा हा खांब दिवसभर तापे आणि रात्रभर ऊब सोडत राही. वारा आत शिरला तरी त्याला आधी धुराड्यावर थडकावं लागे. आणि पाहुण्याला डावीकडे न्यायचं की उजवीकडे, हे उंबऱ्यातच ठरे. कामाचा माणूस डावीकडे, मानाचा माणूस उजवीकडे. हा आराखडा कुठल्या शिक्षित वास्तुकाराने काढलेला नाही. सुतार आणि गवंडी यांनी एकमेकांचं बघून, धन्याशी बोलून, अंगणात काठीने रेघा ओढून तो बसवला, आणि पूर्व इंग्लंडभर शंभरेक वर्षं तोच चालला.

डावीकडच्या खोलीत मी फार वेळ काढलाय. खोली म्हणजे पूर्वीचं स्वयंपाकघर, जेवणघर, गड्यांची बसायची जागा, सगळंच. चुलाण एवढं रुंद की आत दोन्ही बाजूंना बसायला कट्टे आहेत. वर ओकची एकच अखंड तुळई, तिच्या खालच्या कडेला काळपट मेणचट तुकतुकी. चुलाणाच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी झडप, ती उघडली की विटांची घुमटी: पावाची भट्टी. तिच्यात थेट काटक्यांचा भारा पेटवायचा, विटा आतून पांढऱ्या दिसू लागल्या की राख ओढून काढायची, ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि त्या साठवलेल्या तापावर पाव भाजायचे. आग विझल्यावर स्वयंपाक सुरू होई. जमिनीवर भाजक्या मातीच्या चौकोनी लाद्या आहेत, त्यांना इकडे पॅमेंट म्हणतात. चुलाणासमोरच्या लाद्या मधोमध झिजून बशीसारख्या खोलगट झाल्यात. तिथे उभं राहिलं की पाय आपोआप त्याच खळग्यात जातात.

तुळईवर निरखून पाहिलं तर थेंबाच्या आकाराचे जळके डाग दिसतात, चार-पाच, ओळीने. मेणबत्तीने चुकून लागलेले असतील असं आधी वाटतं. पण ज्योत मुद्दाम धरून ठेवल्याशिवाय लाकडावर असा खोल, बांधीव डाग उठत नाही हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. शेजारी कंपासने कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल आहे. चुलाण म्हणजे घराचं सदा उघडं तोंड; दार लावता येतं, खिडकी लावता येते, धुराडं लावता येत नाही. रात्री तिथून वाईटसाईट आत उतरेल ही भीती, आणि तिच्यावरचा हा उपाय. अशा घरांच्या धुराड्यांत दुरुस्तीच्या वेळी जुने बूट सापडतात, बहुतेक एकेकटे, झिजलेले, पुष्कळदा लहान मुलाचे. नॉर्थम्प्टनच्या संग्रहालयात जून स्वान यांनी 1950 च्या दशकात अशा सापडलेल्या बुटांची नोंदवही सुरू केली, ती आजही वाढते आहे. लपवणाऱ्यांनी कुठेच काही लिहून ठेवलं नाही. ज्या घरात शेतीचा जमाखर्च शेरा-छटाकापर्यंत लिहिला गेला, तिथे हे मात्र कुणी लिहिलं नाही, आणि बूट मात्र जपून राहिला. या गोष्टीने मला घराच्या इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त हलवलं.

धुराडं आलं तसा करही आला. 1662 साली सरकारने प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग बसवले. वसुलीवाला थेट घरात शिरून चुली मोजत असे, म्हणून लोक करापेक्षा त्या शिरण्यावर जास्त चिडले. 1689 साली तो रद्द झाला. अवघ्या सात वर्षांनी, 1696 मध्ये, खिडक्यांवर कर आला. मोजणी निदान बाहेरून होऊ लागली. तो तब्बल 1851 पर्यंत चालला. मध्येच 1784 साली अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भरून काढायला विटांवर कर बसला, हजार विटांना अडीच शिलिंग. विटा मोजून कर, तर मग विटाच मोठ्या पाडा, असा मार्ग काही भट्टीवाल्यांनी काढला. लीस्टरशरमधल्या मीशमचे जोसेफ विल्क्स यांच्या भल्याथोरल्या विटा तर प्रसिद्धच झाल्या. सरकारने 1803 मध्ये मोठ्या विटांवरचा कर दुप्पट केला आणि ती वाट बुजवली. विटांवरचा कर 1850 मध्ये उठला.

आता त्या दर्शनी भिंतीकडे वळायला हरकत नाही. ती भिंत म्हणजे घरावर चढवलेला कोट आहे. आत जुना ओकचा सांगाडा, खांबांच्या मध्ये कुडाच्या भिंती, काठ्या विणून वर माती, गवत, शेण यांचा लेप. आपल्या कोकणातल्या माणसाला कूड काय हे सांगायला नको. त्या लाकडी अंगापुढे अर्ध्या विटेच्या जाडीची नवी भिंत उभी केली आणि लोखंडी पट्ट्यांनी लाकडाला बांधून टाकली. वीट लावायची पद्धत फ्लेमिश: एकाच थरात एक लांब अंग, एक आखूड तोंड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड. खऱ्या जाड भिंतीत आखूड तोंडाची वीट आतपर्यंत जाऊन भिंतीला शिवून टाकते. इथे आत जायला जागाच नाही. म्हणून विटा अर्ध्या तोडून नुसती तोंडं लावली आहेत. पाहणाऱ्याला जाड भिंतीचा भास व्हावा एवढ्यासाठी.

आणि रंग? सफोकच्या बहुतेक मातीत लोह आहे, ती भाजली की लाल होते. काही ठिकाणी मातीत खडूचा अंश जास्त, ती भाजल्यावर फिकट, पिवळसर पांढरी निघते. वूलपिट गावच्या पांढऱ्या विटा नावाजलेल्या होत्या. अठराव्या शतकात लाल वीट गावंढळ वाटू लागली, दगडासारखा फिकट रंग प्रतिष्ठेचा झाला. ज्याच्याजवळ दगड नाही त्याने पांढऱ्या विटेत हौस भागवली. पण पांढरी वीट महाग. म्हणून समोर पांढरी आणि बाजूला लाल, हे सफोकच्या घरांचं नेहमीचं रूप. कोपऱ्यापाशी उभं राहिलं की दोन रंग एका रेषेत भेटलेले दिसतात. पांढरी वीट कोपरा वळून जेमतेम एक वीत पुढे जाते आणि थांबते. रस्त्यावरून जिथपर्यंत नजर पोचते तिथपर्यंतच ती आहे.

हे पाहून काही लोक या घराला ढोंगी म्हणतात. मला ते मान्य नाही. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात धान्याला भाव होता, चार पैसे हातात आले, धन्याला वाटलं आपलं घर चारचौघांत उठून दिसावं. त्याने सगळं पाडून नवं बांधलं नाही. जुनं अंग तसंच ठेवलं, चूल तिथेच ठेवली, पुढे एक भिंत घातली. आणि त्या भिंतीलाही जुन्या धुराड्यापुढे नमावं लागलं. पाच खिडक्यांच्या रांगेत दार बरोबर मध्यावर यायला हवं. ते हातभर डावीकडे आहे, कारण दार धुराड्यासमोरच असावं लागतं आणि धुराडं हलत नाही. दारावरची, वरच्या मजल्यावरची मधली खिडकी तर खिडकीच नाही. विटांतला एक आंधळा कोनाडा आहे, त्याला चौकट काढून काळ्या रंगाने काचा रंगवल्यात. येणारेजाणारे लगेच सांगतात, खिडकीवर कर होता म्हणून बुजवली. सफोकमधल्या प्रत्येक आंधळ्या खिडकीची हीच गोष्ट सांगतात. इथे ती खरी नाही. त्या कोनाड्यामागे धुराडं आहे. तिथे खिडकी कधी नव्हतीच. नुसती समोरची रांग भरायची होती.

बाजूची लाल भिंत मला समोरच्या भिंतीपेक्षा जास्त आवडते. ती मधल्या पिढीतली, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली असावी. तिच्या त्रिकोणाच्या दोन्ही उतारांवर विटांची पाचरीसारखी टोकं आत वळलेली आहेत: उतरत्या कडेला काटकोनात लावलेल्या विटांचे लहान लहान त्रिकोण, आडव्या थरांत घुसलेले. उतारावर विटा कापत बसावं लागू नये आणि कडेचा सांधा पावसाला उघडा पडू नये म्हणून ही युक्ती. समुद्रापलीकडच्या डच मुलखातही हीच पद्धत आहे, आणि या किनाऱ्याचा त्या मुलखाशी व्यापार जुना. भिंतीच्या वरच्या भागात इंग्रजी एस अक्षराच्या आकाराच्या दोन लोखंडी पट्ट्या दिसतात. शोभेच्या वाटतात, त्यांच्या मागून लोखंडी कांब घरभर गेलेली आहे आणि बाहेर कलू लागलेल्या भिंतीला आत धरून आहे. चिकणमाती उन्हाळ्यात आटते, पावसात फुगते, आणि घर तिच्याबरोबर थोडं वरखाली होतं. त्याची एकही चौकट काटकोनात नाही. वरच्या मजल्यावर चेंडू ठेवला तर आपण होऊन आग्नेयेच्या कोपऱ्यात जातो.

मागच्या अंगणात आलं की सगळा थाट संपतो. उत्तरेला उतरत्या छपराची एक ठेंगणी खोली आहे, लाल विटांची, थंडगार. तिच्या दारावरच्या फळीवर पुसट अक्षरांत डेअरी असं रंगवलेलं आहे. हे नाव हौसेने घातलेलं नाही. दुधाच्या आणि चीजच्या खोलीच्या खिडकीला करात सूट होती, पण दारावर तसं लिहिलेलं असलं तरच. आत काच नाही, लाकडी पट्ट्यांची जाळी; वारा हवा होता, ऊन नको होतं. सफोकच्या या भागात गाईच गाई होत्या. लोणी लंडनला जाई आणि मलई काढून घेतलेल्या दुधाचं चीज आरमाराला. ते इतकं टणक होई की खलाशांच्या तक्रारींनी आरमार जेरीस आलं आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर सफोकचं चीज बंद करून चेशरचं आणि ग्लॉस्टरचं घेऊ लागलं. या खोलीचा कट्टा अजून त्या कामाचा साक्षीदार आहे: लांब, उतरता, मध्ये पन्हळ. बायकांनी इथे थंड पाण्यात हात घालून लोणी काढलं. घराच्या कागदपत्रांत त्यांची नावं शोधली तर फार हाती लागत नाही. दर्शनी भिंतीचा पैसा मात्र बराचसा याच खोलीतून निघाला असणार.

अंगणापलीकडे तळं आहे. बदकं असतात, कडेला विलो. ते नैसर्गिक वाटतं, पण तो खड्डा आहे. घराची माती तिथून निघाली. शरद ऋतूत माती खणायची, ढीग घालून हिवाळाभर उघड्यावर ठेवायची. पाणी गोठतं, ढेकळं आतून फुटतात, माती मऊ होते. वसंतात पाणी घालून तुडवायची. उन्हाळ्यात साच्याला वाळू लावून विटा पाडायच्या, रांगा लावून गवताखाली सुकवायच्या, आणि मग भट्टी. सुकत घातलेल्या विटांवरून जो गेला त्याचा पाय राहिला. डेअरीच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एका विटेत कुत्र्याचं पाऊल आहे, चारही बोटं स्पष्ट. दुसऱ्या एका विटेच्या कडेला तीन बोटांचे ठसे, आखूड, अरुंद. वीट उचलून फिरवायचं काम पोरांकडे असे.

गेल्या उन्हाळ्यात बाजूच्या लाल भिंतीचं काम चाललं होतं तेव्हा तिथल्या गवंड्याशी माझं पुष्कळ बोलणं झालं. साठीचा माणूस, बोलायला मंद, हात भराभर. त्याने मला भिंतीजवळ नेलं. "हे बघा," म्हणत त्याने जुन्या सांध्यावर नख ओढलं. पांढरी भुकटी बोटाला लागली. मग दोन पावलं बाजूला सरकून त्याने दुसरा सांधा दाखवला. तो करडा, गुळगुळीत, दगडासारखा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या विटांची तोंडं मात्र गळून पडली होती. करडा सांधा जाळीसारखा पुढे आलेला आणि मधल्या विटा आत खचलेल्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी चांगल्या हेतूनेच तिथे सिमेंटने दरजा भरल्या होत्या.

त्याने जे सांगितलं ते असं. हाताने पाडलेली जुनी वीट मऊ असते, पाणी पिते. पाऊस पडला की भिंत ओली होते, ऊन-वारा लागला की वाळते. ही ये-जा चुन्याच्या सांध्यातून होते, कारण चुना विटेपेक्षाही मऊ आणि सच्छिद्र. थंडीत पाणी गोठून फुगतं तेव्हा झीज चुन्याची होते. शंभर वर्षांनी तो भुगा खरवडायचा आणि नवा चुना भरायचा. वीट शाबूत राहते. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने 1824 साली ज्याचं पेटंट घेतलं त्या पोर्टलंड सिमेंटला हे जमत नाही. ते पाणी सोडत नाही. मग ओल विटेतच अडकते, तिथेच गोठते, आणि विटेचं तोंड उडवते. भिंतीतला मजबूत भाग कमकुवत भागाला मारतो. "सांधा विटेपेक्षा नेहमी कमजोर ठेवायचा," तो म्हणाला, "आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हे."

हे ऐकताना पुण्याच्या पेठांतले आणि वाईचे वाडे डोळ्यांपुढे आले. तिथेही बारीक विटा, तिथेही चुना, आणि तिथेही डागडुजीला सिमेंटचा गिलावा. भिंतीला ओल येते म्हणून गिलावा आणखी जाड करतात, आणि ओल आणखी वर चढते. त्या वाड्यांत वाढलेल्या माणसांनी एकदा अशा भिंतीवर नख ओढून पाहावं असं फार वाटतं.

या घराला वाईट दिवसही आले. 1870 नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू बोटी भरभरून यायला लागला आणि पूर्व इंग्लंडची शेती कोसळली. लहान शेतं मोठ्यांत मिसळली, धन्याची गरज उरली नाही, घर मधून आडभिंती घालून दोन मजूर कुटुंबांना दिलं गेलं. बैठकीच्या खोलीत कोळशाची लहान शेगडी आली, मोठं चुलाण फळ्यांनी बुजलं. आता वाटतं, त्या गरिबीनेच घर वाचवलं. ज्याच्याजवळ पैसा असता त्याने ते पाडून नवं बांधलं असतं. मजुरांनी आहे ते वापरलं, मालकाने खर्च टाळला, आणि फळ्यांमागे चुलाण, भट्टी, जळके डाग सगळं जसंच्या तसं राहिलं. 1947 च्या नगररचना कायद्यानंतर अशा घरांच्या याद्या होऊ लागल्या. आज हे घर दुसऱ्या श्रेणीच्या यादीत आहे. परवानगीशिवाय खिडकी बदलली तरी तो फौजदारी गुन्हा ठरतो, आतला जिनाही त्यात आला. सध्याच्या मालकीणबाई या कायद्याबद्दल कुरकुरतात, हिवाळ्यात एकपदरी काचांतून गारठा येतो म्हणून, आणि त्यांची कुरकुर रास्त आहे. फळ्या उखडून चुलाण मोकळं केलं मात्र त्यांनीच.

बाजूच्या भिंतीतलं सिमेंट गवंडी छिन्नीने काढत होता, हातोडीचे हलके टोले देत. मशीन लावलं तर विटेची कड जाते. उडालेल्या विटांच्या जागी त्याने जुन्या पडलेल्या गोठ्यातल्या विटा आणल्या होत्या, त्यांची खराब बाजू आत फिरवून बसवत होता. नवा चुना भरून झाला की त्यावर ओलं गोणपाट टांगायचा, फार लवकर वाळू नये म्हणून, आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो, त्याला महिने लागतात. गोठणाऱ्या थंडीत हे काम करता येत नाही, ताजा चुना फुटतो. म्हणून ऑक्टोबरात त्याने परांची उतरवली. डेअरीची भिंत राहिली आहे. ती तो पुढच्या मे महिन्यात घेणार आहे, आणि कुत्र्याच्या पावलाची वीट जागची हलवायची नाही हे मालकीणबाईंनी त्याला आधीच सांगून ठेवलंय.